देव भावाचा भुकेला, मग देवाच्या सामानाचा भाव का पाडतो आपण?

चरईची सून
नमस्कार. गेली तीन वर्षं या मंचावर फक्त वाचते आहे. आज लिहायला बसले, कारण आठवडाभर एक गोष्ट मनातून जात नाहीये.

गेल्या शुक्रवारी घरी सत्यनारायण होता. प्रसादाच्या शिऱ्याला तूप कमी पडलं. सासूबाई म्हणाल्या, देवघराखालच्या फडताळात डबा आहे बघ, त्यातलं घे. डबा उघडला. वास तुपाचा, रंगही तुपाचा. चमचा आत घातला आणि सवयीने लेबल वाचलं: फक्त दिव्यासाठी, खाण्यास योग्य नाही. घटकांमध्ये वनस्पती तेल, रंग, सुगंध. दुधाचं नावसुद्धा नाही.

शिरा वाचला. शेजारच्या काकूंकडून वाटीभर तूप आणलं आणि पूजा पार पडली. पण संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ते फडताळ रिकामं केलं आणि एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. पूजेचं तेल. पूजेची सुपारी, अडकित्त्यालाही दाद न देणारी, दोन सुपाऱ्यांना कीड लागलेली. पूजेचा मध, बोटावर घेतला तर नुसता साखरेचा पाक. ओटीचे सात ब्लाऊजपीस, त्यातला एक मीच दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी ओटीत घातला होता, फिरून आमच्याकडे आला. वस्तूच्या नावाआधी 'पूजेचं' लावलं की त्याचा अर्थ होतो, 'आपण खाणार नाही, आपण नेसणार नाही असं'. हा अर्थ कधी लागला?

आमच्या घरात खायला घाण्याचं शेंगदाणा तेल येतं. तांदूळ भोरहून येतो. मुलासाठी मध घेताना मी पंधरा मिनिटं बाटल्या वाचते. आणि देवासाठी दुकानदाराला सांगते, "साधं द्या, पूजेला हवंय."

सासूबाईंच्या श्रद्धेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पन्नास वर्षं त्यांनी एक दिवस दिवा चुकवलेला नाही. त्यांना डबा दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "मला वाचता येतं गं, पण देवाच्या डब्यावर काही वाचायचं असतं हे कधी मनातच आलं नाही."

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. त्याच दिवशी सकाळी ठाण्यातल्या कौपिनेश्वर मंदिराबाहेर दूर्वा घेतल्या. मावशी दहाला एक जुडी म्हणाल्या. मी म्हटलं, दोन पंधराला द्या. दिल्या त्यांनी. तिथून राम मारुती रोडला गेले आणि साडीच्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने मोजली. भाव करायचं सुचलंसुद्धा नाही.

देव भावाचा भुकेला असं लहानपणापासून ऐकलं. या दोन्ही प्रसंगांत मी कुठला भाव दिला, याचं उत्तर मला देता येत नाहीये. तुमच्या घरी काय पद्धत आहे? यावर कधी विचार केलात का?

तलावपाळी७२
ताई, मनापासून लिहिलंय म्हणून मीही मनापासून वेगळं मत मांडतो. पान, फूल, फळ, पाणी एवढ्यावर देव संतुष्ट होतो असं गीताच सांगते. त्यात कुठे प्रतवारी आहे? दिव्यातलं तेल जळायचं आहे. ते खाण्याजोगं असायची गरज काय? उलट लोकांना भाकरीवर घालायला तूप मिळत नसताना चांगलं तूप वातीला जाळणं मला जास्त टोचतं. तुमच्या घरी चूक झाली ती डबे शेजारी ठेवण्याची. त्यावरून एवढा खल करण्याची गरज नाही.

निवृत्त मास्तर
तलावपाळीकर, तुमचा मुद्दा बिनतोड वाटतो खरा, पण मला कठोपनिषदाची सुरुवात आठवली.

वाजश्रवस सर्वस्व दान करण्याचा यज्ञ करतोय. दक्षिणेच्या गाई नेल्या जाताहेत. त्याचा मुलगा नचिकेत बाजूला उभा राहून पाहतो. त्या गाईंचं शेवटचं पाणी पिऊन झालंय, शेवटचं गवत खाऊन झालंय, दूध आटलंय, पुन्हा वासरू होण्याची शक्यता नाही. म्हणजे घरात नकोशा झालेल्या गाई देवकार्यात खपवल्या जाताहेत. आणि तिथे उपनिषद काय म्हणतं पाहा: हे बघताना त्या पोराच्या अंगात श्रद्धा शिरली.

चाळीस वर्षं शिकवताना मी यमाच्या संवादावर भर दिला आणि या दोन ओळी भराभर उरकल्या. आता वाटतं, तिथेच थांबायला हवं होतं. मुलाला श्रद्धा मंत्र ऐकून आली नाही, यज्ञाचा धूर पाहून आली नाही. बापाने देवाला काय खपवलं हे पाहून आली. त्याने बापाला विचारलं, मला कोणाला देणार? मौल्यवान असं तेवढंच उरलं होतं, तो स्वतः.

त्यामुळे चरईच्या सूनबाई, तुम्ही फडताळासमोर बसून जे केलंत ते मला पूजेइतकंच महत्त्वाचं वाटतं.

विटाव्याची
मला हा चर्चेचा धागा वाचून थोडं वाईट वाटलं. माझी आई ठाण्यात चार घरची धुणीभांडी करायची. आम्ही विटाव्याला एका खोलीत राहायचो. ती पाच रुपयांचं हळदीकुंकवाचं पाकीट आणि ते पूजेचं तेलच आणायची, कारण तेवढंच परवडायचं. तिने देवाला खपवलं असं कुणी म्हटलं तर मला सहन होणार नाही. घाण्याचं तेल चारशे रुपयांना घेणाऱ्यांनी श्रद्धेची परीक्षा घेऊ नये एवढीच विनंती.

चरईची सून
ताई, तुमची आई माझ्या मनात अजिबात नव्हती, पण माझ्या शब्दांत ती आली असेल तर चूक माझी आहे. मनापासून माफी मागते.

माझं म्हणणं पुन्हा सांगून बघते. जे आपण खातो तेच देवाला. घरात पामतेल असेल तर दिव्यालाही पामतेल. त्यात काहीच कमी नाही. मला बोचलं ते आमच्या घरात दोन प्रती आहेत हे: आमच्यासाठी एक नंबर, देवासाठी दोन नंबर. तुमच्या आईकडे दोन प्रती असण्याची शक्यताच नव्हती.

शनवार तेली
हे सदस्यनाम का घेतलं ते या धाग्यावर सांगायलाच हवं. आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. ठाण्यात आमचं सिनेगॉग आहे, शार हाशमाईम, १८७९ सालचं. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावकऱ्यांनी नाव पाडलं शनवार तेली. पोथ्या हरवल्या, भाषा विसरली, पण शनिवारी बैल सोडायचा हे शेकडो वर्षं टिकलं. गावाने आम्हाला ओळखलं ते आमच्या प्रार्थनेवरून नाही, दुकान कधी बंद असतं त्यावरून.

आजोबा सांगायचे, बैलालाही त्या दिवशी विश्रांती हा आज्ञेचाच भाग आहे. नुसतं मालकाने बसून राहायचं नाही.

तेलाबद्दल एक माहिती. बाजारातल्या दिव्याच्या तेलांपैकी काहींत खनिज तेल, म्हणजे पॅराफिन असतं. बंद खोलीत काजळी धरते. तलावपाळीकर म्हणतात तसं "जळायचंच आहे" म्हणून सोडून देऊ नका, त्याच खोलीत आजी तासभर जप करत बसलेली असते.

कोपरखैरणे सेक्टर १५
माझे वडील माथाडी. आधी मशीद बंदर, बाजार हलल्यावर वाशीचा मसाला बाजार. सुपारी, हळद, खोबरं, धणे. तुमच्या ओटीतलं जवळजवळ सगळं त्यांच्या पाठीवरून गेलंय. १९६९ चा माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी तो लढा दिला, म्हणून आम्हाला मंडळातून पगार, भविष्य निर्वाह निधी, घर मिळालं. तरी गोण्यांचं वजन पन्नास किलोच्या वर नको यासाठी भांडत राहावं लागलं. साठ-सत्तर किलोची गोणी आली की वडील रात्री पालथे झोपायचे, आई मानेला शेक द्यायची.

इथे देवाला काय चालतं, काय चालत नाही यावर बोलणं चाललंय, चांगलंच आहे. पण वस्तू शुद्ध की अशुद्ध हे आपण विचारतो तेव्हा ती कुणी उचलली हे विचारत नाही. सोवळ्याच्या घरात हळद आत जायची आणि ती वाहून आणणारा दाराबाहेर पाण्यासाठी थांबायचा, हे वडिलांनी पाहिलंय. ते पंढरीची वारी करतात. कडवटपणे कधी बोलले नाहीत. मी बोलतोय.

निवृत्त मास्तर
बोलायलाच हवं. आमच्या वाड्यातही तसंच होतं, आणि पाणी वाढायला मीच असायचो.

हातमाग
सोवळ्याचा विषय निघालाच आहे तर माझ्या धंद्यातलं सांगतो. येवल्याच्या विणकरांकडून माल घेतो, वीस वर्षं झाली.

रेशीम म्हणजे किड्याने स्वतःभोवती विणलेला कोश. चांगल्या जातीच्या एका कोशातून आठशे मीटरहून लांब अखंड धागा निघतो. पण अळीचा पतंग होऊन बाहेर पडला तर तो कोश भेदतो आणि धागा तुटतो. म्हणून आधीच वाफ किंवा गरम हवा देऊन आतला जीव मारतात, मग कोश गरम पाण्यात टाकून धागा उकलतात. एका पैठणीला असे हजारो कोश लागतात. हा नैवेद्याला कांदा-लसूण न चालणाऱ्या घरातला सगळ्यात पवित्र कपडा.

मी रेशमावर पोट भरतो, तेव्हा ते वापरू नका असं सांगायचा अधिकार मला नाही. विणकरांचीही पोटं आहेत. पण माहीत असून नेसणं आणि न विचारता नेसणं यांत फरक आहे, आणि गिऱ्हाईक विचारत नाही तोवर मी सांगत नव्हतो. आता सांगतो. काही जणी मटका रेशीम घेतात. बियाण्यासाठी ठेवलेल्या कोशातून पतंग बाहेर पडून गेल्यावर जे फाटके कोश उरतात त्यांचं सूत कातून ते करतात. जरा जाडंभरडं, अंगावर छान बसतं. एका आजींनी मात्र मला वेगळंच शिकवलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे रेशमाला पैसेच नव्हते. सुती लुगडं रात्री धुवून काठीने उंच दोरीवर वाळत घालायचं, कुणी शिवायचं नाही, सकाळी तेच सोवळं. थंडीत लोकरीची धाबळी. म्हणजे सोवळ्याला रेशीम लागतंच असं नाही.

पूजा साहित्य, जांभळी नाका परिसर
मी दुकानदार आहे, म्हणजे आरोपी मीच. दुकानाचं नाव सांगत नाही, पण आतली बाजू सांगतो.

गिऱ्हाईक हातात गुरुजींची यादी घेऊन येतं. तीस-पस्तीस जिन्नस. पहिला प्रश्न, "सगळ्याचं मिळून किती होईल?" मी आकडा सांगतो. दुसरं वाक्य ठरलेलं, "एवढं? पूजेलाच तर हवंय." मग मी वस्तू बदलत जातो. खायची सुपारी काढून बारकी घालतो. मधाची बाटली काढून पुडी घालतो. तूप बदलतो. आकडा निम्म्यावर येतो आणि गिऱ्हाईक समाधानाने जातं. सुरुवातीला विचारायचो, "खायचं देऊ की पूजेचं?" नंतर विचारणं सोडून दिलं, कारण उत्तर एकच यायचं. मागणी तशी मालाची प्रत उतरत गेली. कारखानदाराला दोष द्या, मलाही द्या, पण "पूजेलाच तर हवंय" हे वाक्य आम्ही बनवलेलं नाही.

काही गोष्टी सांगतो, उपयोगी पडतील. ज्या पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक नाही ते खाद्यपदार्थ म्हणून विकलेलंच नाही. मध असो, तूप असो, पंचामृतात घालू नका. तीर्थ म्हणून ते लहान मुलाच्या हातावर जातं. कुंकू पूर्वी हळकुंडाला लिंबाचा रस, टाकणखार, तुरटी लावून करायचे. हळदीचाच रंग बदलून लाल होतो. स्वस्त पुडीत बहुतेक वेळा नुसता रंग असतो, कपाळाला खाज सुटते ती त्याने. साधा कापूर टर्पेंटाईनपासून कारखान्यात बनतो. आरतीला ठीक, प्रसादात कधीही नको. अगरबत्तीच्या बांबूच्या काड्याही कित्येक वर्षं बाहेरच्या देशांतून येत होत्या. २०२० मध्ये त्यांच्यावरचं आयात शुल्क १० वरून २५ टक्के केलं, तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की देवापुढची काडी समुद्रापलीकडून येते.

मी स्वतः काय करतो हे विचाराल. घरी दिव्याला स्वयंपाकाचंच तेल. दुकानात मात्र दोन्ही ठेवतो. नाही ठेवलं तर शेजारचा ठेवतो आणि माझं भाडं निघत नाही. याचं मला रोज वाईट वाटतं. म्हणूनच लिहिलं.

तलावपाळी७२
दुकानदार दादा, तुमच्या प्रतिसादाने माझं मत निम्मं बदललं. पंचामृत आणि कुंकवाचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडे मध पुडीचाच येतो आणि नात तीर्थ दोनदा मागून घेते. उद्यापासून बंद.

निम्मं बदललं नाही तेही सांगतो. चांगलं तूप जाळणं मला अजूनही पटत नाही.

याज्ञिकी करतो
मी ठाण्यात आणि ऐरोलीत पूजा सांगतो. यादीचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण यादी आम्ही देतो.

तलावपाळी काका, तुमच्या उरलेल्या निम्म्यावर उपाय शास्त्रातच आहे. पूजा सोळा उपचारांची असते तशी पाच उपचारांचीही असते: गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. आणि काहीही न आणता मानसपूजाही करता येते, ती हलकी मानलेली नाही. जी वस्तू नसेल तिच्या जागी अक्षता वाहायच्या. "अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि" हे तुम्ही प्रत्येक पूजेत ऐकता. त्याचा अर्थच असा की दागिना नाही, म्हणून तांदूळ वाहतो. खोटा दागिना आणा असं कुठे म्हटलेलं नाही. वस्त्र म्हणून कापसाची माळ चालते. पाच वातींऐवजी एक वात घरच्या तुपाची लावा, पूजा पूर्ण होते. नासाडीही होत नाही.

मग यादी लांब का? खरं सांगतो. छोटी यादी दिली तर काही यजमानांना वाटतं गुरुजींनी थोडक्यात उरकलं. मीही त्या भीतीने लांब यादी देत आलो. ज्या सुपाऱ्या, खारका, बदाम पूजेत मांडतो ते मग गुरुजींच्या पिशवीत जातात. किडके असतील तर माझी बायको ते निवडते आणि फेकते. दान म्हणून मिळालेला तांदूळ कित्येकदा घरात शिजवण्याजोगा नसतो. देवाच्या नावाने दिलेली वस्तू शेवटी कुणाच्या तरी घरी पोहोचते, हे यजमानाला दिसत नाही.

या श्रावणापासून माझी यादी अकरा जिन्नसांची आहे. खाली टीप घालतो: जे घरात खाता तेच.

येऊरची पायवाट
गुरुजी, ही यादी सगळीकडे जायला हवी.

मी दर रविवारी येऊरच्या जंगलात जातो, झाडांच्या नोंदी ठेवतो. वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या तोडून ठाण्याच्या बाजारात विकायला येतात. पूजा झाडाची, आणि त्यासाठी झाड तोडलेलं. दसऱ्याला आपट्याची झाडं ओरबाडली जातात, बरेचदा आपटा म्हणून कांचनाचीच पानं हातात पडतात. विकणाऱ्या बायका आदिवासी पाड्यावरच्या असतात, चार पैसे त्यांना तेव्हाच मिळतात, त्यांच्यावर राग काढू नका. रानभाज्यांच्या दिवसांत त्यांच्याकडून कंटोळी, शेवळं, कुड्याची फुलं घ्या आणि वडाला मात्र चालत जाऊन फेरी मारा. ठाण्यात वड अजून पुष्कळ आहेत.

सगळ्यांत गंभीर गोष्ट वेगळीच आहे. लक्ष्मी येते म्हणून 'हत्थाजोडी' नावाची दुर्मिळ मुळी विकतात, ऑनलाईनही मिळायची. ती मुळी नसतेच. ती घोरपडीच्या नराची वाळवलेली जननेंद्रियं असतात. २०१७ च्या सुमारास वन्यजीव तपासातून हे उघडकीला आलं. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकं संरक्षण. शेंदूर लावून चांदीच्या डबीत ठेवलेली ही वस्तू मी एका शिकल्यासवरल्या घरातल्या तिजोरीत पाहिली आहे. त्यांना सांगितलं तेव्हा त्या बाईंना मळमळायला लागलं. रोज त्या तिला उदबत्ती ओवाळत होत्या.

मुंब्र्याचा कोकणी
मी मुसलमान, घरी कोकणी मराठी बोलतो. थोडं माझ्याकडचं. कुर्बानीचा बकरा आंधळा, लंगडा, आजारी, हाडं दिसणारा चालत नाही. अब्बा बाजारात तासभर दात आणि पाय बघायचे. पण त्याहून आधीची अट अशी की पैसा हलालचा, म्हणजे सचोटीने कमावलेला हवा. उधारी बुडवून आणलेला सशक्त बकराही काही कामाचा नाही. आणि कुरआनात ८३ व्या सूरेची, म्हणजे अध्यायाची, सुरुवातच मापात खोट करणाऱ्यांपासून होते. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि देताना कमी देतात, त्यांच्यासाठी. चरईच्या ताईंनी दूर्वांचं लिहिलं तेव्हा मला तेच आठवलं. कमी तोलणं फक्त विकणाराच करतो असं नाही, घासाघीस करून घेणाराही करतो.

विटाव्याची
दादा, हे शेवटचं वाक्य मी लिहून ठेवलं.

हौशी वाचक
मूर्तीबद्दल कुणीच बोललं नाही. पीओपीवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियम २०२० पासून आहेत, तरी अजून...

चरईची सून
त्यावर वेगळा मोठा धागा चालू आहे, तिथे बोलूया. आम्ही शाडूचीच आणतो, बादलीत विसर्जन करतो आणि माती कुंडीत घालतो.

बऱ्याच दिवसांनी परत आले. हरतालिकेच्या आदल्या दिवशी त्याच मावशींकडे गेले. त्यांनी ओळखलं नाही. जुडी किती, विचारलं. म्हणाल्या, सणाची आहे, पंधरा. मी पाच जुड्यांचे पंच्याहत्तर दिले. दूर्वा कुठून आणता, विचारलं तर म्हणाल्या, मुरबाडकडून. पहाटे तीनला उठून दवात खुडायच्या, ऊन चढलं की पिवळ्या पडतात. तीन पानांची टोकं निवडायची, एकवीस मोजून दोरा गुंडाळायचा. बोटांच्या पेरांवर बारीक काप होते, मी पहिल्यांदा पाहिले. मागच्या वेळी मी वाचवलेल्या पाच रुपयांत अशा दहाबारा काड्या होत्या.

घरी गुरुजींची अकरा जिन्नसांची यादी छापून देवघराच्या दाराला लावली. सासूबाईंनी ती दोनदा वाचली आणि पेनाने एक जिन्नस आणखी खोडला. गौरींच्या ओटीला या वर्षी ब्लाऊजपीस नाहीत. प्रत्येकीला आम्ही वापरतो तेच दोन मीटर सुती कापड, शिवता येईल असं. सातऐवजी तीनच जणींना जमलं. दिव्याला एक वात. तो डबा टाकून द्यायला सासूबाईंचं मन होईना, अन्न नसलं तरी देवाच्या नावाने घरात आलंय म्हणाल्या. सध्या त्यातलं तूप जिन्याच्या लोखंडी दाराच्या बिजागऱ्यांना लावतोय. दार आता कुरकुरत नाही.

पूजा साहित्य, जांभळी नाका परिसर
ताई, मी पुन्हा विचारायला सुरुवात केली आहे. "खायचं देऊ की पूजेचं?" या गणपतीत काही जण थांबून विचारात पडले. दोघांनी भांडण काढलं. एका मुलीने सगळी यादी परत घेतली आणि निम्म्या वस्तू कमी करून निम्म्या चांगल्या घेतल्या. रक्कम तेवढीच झाली.

कोपरखैरणे सेक्टर १५
वडिलांना हा धागा वाचून दाखवला. दुकानदार दादांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. बारक्या सुपारीची गोणीही तेवढीच जड असते, म्हणाले.

विटाव्याची
मीही आईला वाचून दाखवला, माझ्या त्या प्रतिसादासकट. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, तुला नीट आठवत नाही. आपल्या देवापुढे मी नेहमी स्वयंपाकाच्या बुधल्यातलंच तेल घालायचे, वात एवढीशी. ती पाच रुपयांची पाकिटं आणि ते तेल मी दुसऱ्यांच्या हळदीकुंकवाला न्यायला आणायचे. कामाच्या घरी रिकाम्या हाताने जायला लाज वाटायची म्हणून.